सात नंबरचं खोकं

माझ्या सायकलच्या दुकानाला लागूनच मापकाकाचं दुकान आहे. दुकान कसलं, दोन पायऱ्या, एक फळी, फळीवर मांडी घालून बसलेला माणूस आणि त्याच्या पाठीमागे जमिनीपासून छतापर्यंत बुटांची खोकी. तो बूट-चपला दुरुस्त करतो. चाळीस वर्षं आम्ही एकाच भिंतीच्या दोन बाजूंना बसलो. मी पंक्चर काढायचो, तो टाचा ठोकायचा, आणि दोघांची तोंडं दिवसभर चालू. आता माझं दुकान लेक बघतो आणि मी स्टुलावर बसून त्याला नको असलेला सल्ला देतो. मापकाका मात्र अजून फळीवरच आहे. आता पुरे, घरी बसा, असं कुणी म्हटलं तर म्हणतो, "घरी बसायला जागा कुठाय? तिथं आमची ही असते."

ही म्हणजे आमच्या वहिनी. एका शाळेत शिपाई होत्या. घंटा वाजवण्यापासून पोरांची नाकं पुसण्यापर्यंत सगळं केलं आणि हल्लीच निवृत्त झाल्या. रोज चारच्या सुमाराला चहाची किटली घेऊन दुकानात येतात, नवऱ्याला दोन शब्द सुनावतात, मला अर्धा कप चहा जास्त देतात आणि जातात.

मापकाकाची एक गंमत अशी की तो माणसाच्या तोंडाकडे बघतच नाही. आधी खाली बघतो. माझा मेव्हणा तीन वर्षं आमच्याकडे येत-जात होता, मापकाका त्याला ओळख दाखवेना. मेव्हणा रुसला. एकदा मेव्हणा नळावर पाय धूत होता, तर हा फळीवरूनच ओरडला, "काय पाहुणे, कधी आलात? डावी टाच अजून दुखते वाटतं." मेव्हण्याला कळेना की आता हसावं की रागवावं.

आता पोरांची गोष्ट सांगतो, कारण सगळं त्यांच्यापासूनच सुरू होतं. आमच्या रस्त्याच्या टोकाला बसस्थानक आहे. तिथं कायम दहा-पंधरा पोरं असतात. बारा-तेरा वर्षांपासून अठरा-एकोणीसपर्यंतची. घर नाही, आईबाप नाहीत किंवा असून नसल्यासारखे. कुणी निवारागृहातून पळालेलं, कुणी तिथून वयात आलं म्हणून बाहेर काढलेलं. पूर्वी ती मापकाकाच्या दुकानासमोर घुटमळायची. ह्याला वाटायचं, पोरांना आपलं काम बघायला आवडतं. खुशीत येऊन तो त्यांना टाका कसा घालायचा ते दाखवायचा. मीच एक दिवस म्हटलं, "अरे खुळ्या, ती तुझ्याकडे बघत नाहीत, तुझ्या सोलूशनच्या डब्याकडे बघतायत." तळवे चिकटवायचं ते सोलूशन पोरं फडक्यावर घेऊन हुंगतात. डोकं बधिर होतं, भूक कळत नाही.

मापकाकानं दोन दिवस त्या डब्याला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं डबा नेऊन घाऊक दुकानदाराला परत दिला आणि त्या दिवसापासून एकही तळवा चिकटवला नाही. सगळं हातशिलाईनं. जिथं पाच मिनिटं लागायची तिथं अर्धा तास लागायला लागला. गिऱ्हाइकं कुरकुर करायची. एक वकीलसाहेब तर म्हणाले, "मला हा बूट कोर्टात घालायचाय, नातवाला द्यायचा नाहीये." ह्यानं शांतपणे सुईत दोरा ओवला.

तर डबा गेला, पण पोरं गेली नाहीत. आणि एक दिवस त्यातल्या एकानं प्लास्टिकची पिशवी पुढे केली आणि म्हणाला, "काका, हे ठेवता का? बाहेर झोपलं की चोरीला जातं." आत त्याचा शाळा सोडल्याचा दाखला होता आणि जन्माचा दाखला. मला तोवर कळलंच नव्हतं की घर नसलेल्या माणसाला सगळ्यात मोठी पंचाईत कागदांची असते. शाळेत जा, कागद. काम माग, कागद. खोली माग, कागद. आणि कागद ठेवायला घर लागतं.

मापकाकानं ते कागद एका रिकाम्या खोक्यात ठेवले. मग दुसरं पोर आलं. मग पाच आली. वर्षभरात भिंत भरत आली. आता प्रश्न असा की ठेवायचं कसं, शोधायचं कसं. नावानं ठेवावं तर ह्या पोरांना नावं तीन-तीन. पोलिसाला एक, निवारागृहात दुसरं, आपसात तिसरं. त्यातून एकदा एक चांगले कपडे घातलेला माणूस आला आणि म्हणाला, "अमुक नावाच्या मुलीचा मी मामा आहे, तिचे कागद द्या." मापकाकानं त्याच्या पायांकडे बघितलं, काय दिसलं कोण जाणे, म्हणाला, "त्या नावाचं इथं काही नाही." त्या दिवसापासून कशावरही नाव लिहायचं नाही असं ठरलं. आणि दुसरं असं ठरलं की ज्याचं पुडकं त्यानंच उघडायचं. मापकाकानंसुद्धा नाही. पोरांना त्यानं तसा शब्दच दिला होता.

मग त्यानं आपल्याला येतं तेच केलं. प्रत्येक पोराला उभं करायचा, तपकिरी कागदावर पाय ठेवायला लावायचा आणि पेन्सिलीनं भोवती रेघ मारायचा. त्याच कागदात दाखले गुंडाळायचे, पायाची रेघ बाहेर दिसेल असं ठेवायचं, बुटाच्या नाडीनं बांधायचं आणि पायाच्या नंबराच्या खोक्यात टाकायचं. चार नंबरची सगळी चारमध्ये, पाचची पाचमध्ये. पोर परत आलं की पुन्हा पाय मोजायचा. पाय वाढला असेल तर त्याच कागदावर नवी रेघ, आणि पुडकं पुढच्या खोक्यात. काही पुडक्यांवर चार-चार रेघा आहेत, एकात एक. पोर लहानाचं कसं मोठं झालं ते तिथं बघायला मिळतं. मापकाका ती काढून मला दाखवायचा, दुसरी माणसं नातवंडांचे फोटो दाखवतात तशी. "बघ, हा बघ, सहा महिन्यांत अर्धा नंबर. कुठंतरी नीट जेवतोय."

बारा वर्षांत एकही पुडकं चुकलं नव्हतं. म्हणून तर त्या दिवशी आमची अशी दाणादाण उडाली.

दुपारचा दीड वाजला असेल. भिंगरी धावत आली. भिंगरी म्हणजे एक मुलगी, वय सतरा, दोन दिवसांनी अठरा पुरी होणार. एका जागी कधी उभी राहायची नाही म्हणून पोरांनी तिला ते नाव पाडलेलं. गेलं वर्षभर ती मुलींच्या निवारागृहात होती. तिथला नियम असा की अठरा पुरी झाली की गादी रिकामी करायची. तिनं मोठ्या रुग्णालयातल्या मदतनिसांच्या वर्गासाठी अर्ज केला होता. वर्षभर शिकवतात, राहायला खोली, दोन वेळचं जेवण, पुढे नोकरी. तिचं नाव आलं ते मागच्या यादीत, कुणी गळालं तर घेऊ अशा. आणि त्या दिवशी बाराला फोन आला की एक जण गळाली, पाचच्या आत मूळ कागद घेऊन या, नाहीतर पुढच्या मुलीला बोलावतो.

"काका, माझं पुडकं," भिंगरी म्हणाली, "पण जरा लवकर."

"बस की. पाय दे."

तिनं चप्पल काढली, फळीच्या कडेवर पाय ठेवला. मापकाकानं बोटांनी माप घेतलं. "चार. साडेचार म्हण फार तर." आणि चार नंबरचं खोकं खाली काढलं.

एक एक पुडकं काढायचा, तिच्या पायाशेजारी धरायचा, बाजूला ठेवायचा. बत्तीस पुडकी झाली. तिचं नव्हतं.

"पाचमध्ये गेलं असेल," तो म्हणाला.

पाचमध्ये पंचवीस होती. त्यातही नव्हतं. मग तीन. मग परत चार. भिंगरी पायरीवरून रस्त्यावर, रस्त्यावरून पायरीवर. मी स्टूल सोडून इकडेच आलो होतो. समोरच्या घड्याळाच्या दुकानात सतरा घड्याळं आहेत, त्यांतली निम्मी चुकीची वेळ दाखवतात. ती बघून बघून माझंच डोकं फिरायला लागलं.

अडीच वाजून गेले.

"काका, कुणाला दिलंत का चुकून?" भिंगरीनं विचारलं.

मापकाकाचा हात थांबला. ह्याच भीतीनं तो मघापासून खोकी उलटीपालटी करत होता, हे मला तेव्हा कळलं. "नाही," तो म्हणाला. मग थोड्या वेळानं, "नसेल दिलं." मग परत, "कसं देईन?" आणि पुन्हा चार नंबरचं खोकं ओढलं. तिसऱ्यांदा.

मी म्हटलं, "हे बघ, मला वाचता येतं. आमच्या गावच्या शाळेत काही नाही तर तेवढं शिकवलं. सगळी पुडकी सोडू, मी दाखल्यावरचं नाव वाचतो, हिचं सापडलं की झालं. दीडशे पुडकी तर आहेत."

"दुसऱ्याचं पुडकं सोडायचं नाही."

"अरे पण नुसतं नाव बघायचं..."

"नाव बघायचं नाही म्हणून तर ही सगळी खटपट केली ना?"

"पोरीचं वर्ष जाईल."

"मला शिकवू नकोस. तू आपली ट्यूब बदल जा."

चाळीस वर्षांत असं तो मला कधी बोलला नव्हता. मीही ऐकून घेणाऱ्यातला नाही. म्हटलं, "तुझा शब्द तुझ्यापाशी ठेव, आणि परवा ही बसस्थानकावर झोपेल तेव्हा तिच्या उशाला दे." बोललो आणि लगेच वाटलं, फार झालं. पण तोंडातून गेलेलं आत घेता येत नाही.

भिंगरी मधे पडली. "आजोबा, नका भांडू. काकांचं बरोबर आहे. माझं पुडकं कुणी सोडलं असतं तर मी त्याचा हात मोडला असता." आणि परत रस्त्यावर गेली. तिथून म्हणाली, "पण लवकर बघा."

आता सांगायला गंमत वाटते, पण तेव्हा तिघांपैकी एकाचाही जीव जाग्यावर नव्हता. मापकाका खोकं काढतोय, खोकं ठेवतोय, मधेच उठून कोपऱ्यात मापाची पट्टी शोधतोय, जी त्याच्या गळ्यातच आहे. एक बाई तुटलेली चप्पल घेऊन आली, ह्यानं तिच्या पायाकडेसुद्धा बघितलं नाही. हे मी पहिल्यांदाच पाहिलं. लेकानं पलीकडून हाक मारली, "बाबा, चहा?" मी म्हटलं, "विष दे."

चहा आणला तो वहिनींनी, नेहमीप्रमाणे चारला पाच कमी असताना. पायऱ्यांवर पसरलेली पुडकी बघून त्या दारातच थांबल्या.

"हे काय, दुकान विकायला काढलं?"

मी सगळं सांगितलं. वहिनींनी किटली खाली ठेवली. त्यांनी ना खोक्यांकडे बघितलं, ना नवऱ्याकडे. शाळेत तीस वर्षं काढलेल्या बाई त्या. हरवलेली वस्तू खोक्यात शोधायची नसते, पोराच्या तोंडावर शोधायची असते, हे त्यांना पक्कं ठाऊक.

"भिंगरे, इकडे ये. शेवटची कधी आली होतीस तू?"

"मागच्या वर्षी. दहावीचा दाखला ठेवायला."

"तेव्हा ह्यांनी पाय मोजला?"

"मोजला की," मापकाकाच म्हणाला. "दर वेळी मोजतो."

"तुम्हांला नाही विचारलं. भिंगरे, पायात काय होतं तुझ्या?"

इतका वेळ वाऱ्यासारखी फिरणारी पोरगी एकदम जाग्यावर उभी राहिली. मग म्हणाली, "बूट."

"कसले बूट?"

"काळे. नाडीचे."

"अरे हो," मापकाका म्हणाला. "गर्दीचे दिवस होते, शाळा उघडायच्या. पायरीवर गिऱ्हाइकांची रांग. मी म्हटलं बूट काढ, तर ही म्हणाली घाई आहे. मग मी बुटाभोवतीच..." आणि तो थांबला.

"किती नंबरचा होता बूट?" वहिनी.

"सात," मापकाका हळूच म्हणाला. "मला वाटलं, पोरगी काय वाढली. तुला सांगितलंही होतं मी घरी येऊन, आठवतं? सातवर गेली म्हणून."

"आणि मी म्हटलं होतं की मुलगी आहे का उंट."

भिंगरी खाली बघत होती. "ते माझे नव्हते, काका. आम्हां तिघांत मिळून एक जोड होता. मी आणि बसस्थानकावरची दोघं पोरं, गॅरेजवाला आणि मुका. जिथं गेल्यावर खुर्चीवर बसा म्हणतात अशा ठिकाणी जायचं असलं की ज्याचं काम असेल त्यानं घालायचा. मी दाखला आणायला शाळेत गेले होते, तिकडूनच सरळ इथं आले. आत अर्धं वर्तमानपत्र कोंबलेलं होतं. काढला असता तर तुमच्यासमोर सगळं बाहेर पडलं असतं."

"मग पडलं असतं," मापकाका म्हणाला. "मी कागद बघितले नाहीत का कधी बुटात?"

"तुम्ही एवढे खूश झाला होतात," भिंगरी म्हणाली. "म्हणालात, पोरीला खाल्लेलं अंगी लागलं. मला कसं सांगवणार?"

वहिनींनी कपात चहा ओतायला घेतला आणि तसाच ठेवला. मापकाका उठला, सर्वांत वरची फळी, सात नंबरचं खोकं. त्यात मोठमोठ्या पोरांची पुडकी, मोजून चौदा. भराभर बघत गेला. खऱ्या पायाच्या रेघेला बोटं असतात, पाच उंचवटे. आणि अचानक त्याच्या हातात एक पुडकं आलं, त्यावरच्या रेघेला बोटंच नव्हती. पुढून गोल, मागून गोल, बोथट.

"हेच," मी म्हटलं.

मापकाकानं ते बाजूला ठेवलं आणि पुढचं काढलं. तेही बोथट. आणि आणखी एक. तिन्हींवर एकाच बुटाची रेघ, अगदी टाचेपाशी झिजलेला कोपरासुद्धा तोच.

तो फळीवर बसला. "तिघांनाही मीच," तो म्हणाला. "एकाच महिन्यात. मला वाटलं, कुठल्यातरी मंडळानं पोरांना एकसारखे बूट वाटलेत. मी तिघांना सातवर टाकलं आणि जाऊन हिला सांगितलं, पोरांचं बरं चाललंय." मग माझ्याकडे बघितलं. तोंडाकडे बघितलं, खाली नाही. "बूट बघितला रे. पाय बघितलाच नाही."

त्याला दोन गोड शब्द सांगावेत असं मनात आलं, पण समोरच्या सतरा घड्याळांपैकी जी बरोबर आहेत ती सव्वाचार दाखवत होती.

"ह्यातलं हिचं कुठलं?" मी विचारलं.

"मोठ्या रेघेच्या आत जुनी रेघ असेल. तेरा वर्षांची होती पहिल्यांदा आली तेव्हा." त्यानं भिंगरीला हाक मारली. तिनं पुन्हा पाय ठेवला. त्यानं पहिलं पुडकं धरलं, मान हलवली. दुसरं धरलं. आतली रेघ लहानशी होती, पण करंगळी शेजारच्या बोटाच्या खाली दडलेली, तशीच जशी समोरच्या पायाची. "हे घे. सोड, तूच सोड."

भिंगरीनं नाडी सोडली. दोन्ही दाखले, ना घडी, ना डाग. तिनं ते परत गुंडाळले आणि पिशवीत न ठेवता अंगातल्या सदऱ्याच्या आत घातले.

रुग्णालय तिथून चांगलं लांब, शिवाय चढ. बस कधी येईल त्याचा भरवसा नाही. मी लेकाच्या दुकानातली एक दुरुस्तीला आलेली सायकल काढली, कुणाची ते अजून विचारू नका. मापकाकाला म्हटलं, "चल, तू पण."

"मी नाही येत. माझे पाय चालत नाहीयेत." तो बाकीची दोन पुडकी घेऊन तसाच बसला होता.

एकाहत्तर वर्षांचा मी सायकल चालवणार असं मला वाटत होतं. भिंगरीनं मला एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "आजोबा, मागे बसा." अशा रीतीनं मी, सायकलवाल्यांतलं जुनं खोड, कॅरिअरवर दोन्ही पाय एका बाजूला टाकून, तिच्या सदऱ्याचं टोक धरून भर रस्त्यानं निघालो. ओळखीचे चार लोक भेटले. चौघांनीही आपली तोंडं वळवून माझी लाज राखली. चढावर मी म्हटलं, "उतरतो." ती म्हणाली, "उतरून काय धावणार?" ते खरंच होतं.

पाचला बारा कमी असताना आम्ही खिडकीपाशी पोहोचलो. आत कार्यालयातल्या बाई टेबलावरचं आवरत होत्या. वयानं पन्नाशीच्या, चष्मा डोक्यावर. त्यांनी कागद घेतले, चष्मा खाली ओढला, दोन्ही दाखले वाचले, जन्मतारीख दोनदा वाचली, यादीवर खूण केली. मला वाटलं, झालं.

"बरं, हे मूळ कागद इथं राहतील," बाई म्हणाल्या. "आठवडाभरात तपासून परत मिळतील. पावती देते."

भिंगरीनं हात लांब केला आणि कागद परत आपल्याकडे ओढले.

"काय झालं?"

"मी कागद देत नाही."

"सगळ्यांचेच ठेवतो. नियम आहे."

"नक्कल घ्या."

"नक्कल चालत नाही, बाळ. पाच वाजत आले, मला यादी बंद करून पाठवायचीय."

मी मागून तिच्या पाठीवर हात ठेवला. "दे गं. पावती देतायत ना."

"पावती एकदा घेतली होती मी," भिंगरी म्हणाली. "आधीच्या निवारागृहात. पिशवी आमच्याकडे ठेव म्हणाले, पावती दिली. पिशवी गेली, पावती राहिली. आईचा एक फोटो होता त्यात."

बाई थांबल्या. भिंतीवरच्या घड्याळाकडे त्यांनी बघितलं, मीही बघितलं. पाचला सहा. भिंगरीची मूठ कागदांवर इतकी आवळलेली की मला भीती, आता दाखला फाटतोय. इतका वेळ ज्या कागदांसाठी जिवाचा आटापिटा केला, तेच आता तिच्या हातून सुटेनात. आणि तिला रागवावं तर कुठल्या तोंडानं?

"कुठं ठेवणार?" भिंगरीनं विचारलं.

"कपाटात."

"कुठल्या?"

बाईंनी मागचं लोखंडी कपाट दाखवलं.

"बघू."

मला वाटलं आता बाई खिडकी लावून घेणार. पण त्यांनी बाजूचं दार उघडलं आणि तिला आत घेतलं. मी खिडकीतून बघत होतो. भिंगरीनं कपाटाचे सगळे खण बघितले, आत हात घालून मागचा पत्रा चाचपला, खालच्या खणाला बोट लावून वास घेतला.

"खालचा ओलसर आहे. भिंतीला पाणी आहे तुमच्या. तिसऱ्यात ठेवा, उजवीकडे."

"तिसऱ्यात कर्मचाऱ्यांच्या फायली आहेत."

"त्या खाली ठेवा."

बाईंनी एक क्षण तिच्याकडे बघितलं. मग खरोखर फायलींचा एक गठ्ठा उचलला आणि खाली ठेवला. "अजून काही?"

"किल्ली कुणाकडे असते?"

"माझ्याकडे. घरी नेते."

भिंगरीनं तेव्हा कागद दिले. बाईंनी तिच्या देखत तिसऱ्या खणात, उजवीकडे ठेवले, कुलूप लावलं आणि यादीवर सही घेतली. पाचला एक मिनिट होतं. "सातच्या आत सामान घेऊन वसतिगृहावर ये," त्या म्हणाल्या, "आणि उद्या सगळ्या कपाटांची तपासणी करू नकोस."

परतीचा रस्ता उताराचा. भिंगरी मोठमोठ्यानं काहीतरी सांगत होती, वाऱ्यात मला अर्धं ऐकूच आलं नाही. मी नुसता हो हो करत होतो आणि कॅरिअरच्या सळया मोजत होतो.

दुकानाशी आलो तर मापकाका नाही. बाकी पुडकी सगळी जागच्या जागी, खोकी वर, आणि फळीवर आमच्या वहिनी बसलेल्या, हातात कुणाची तरी अर्धी शिवलेली चप्पल.

"मिळाली जागा?"

"मिळाली," भिंगरी म्हणाली. "काका?"

"गेले तुमच्या त्या दोघांना शोधायला. तुम्ही गेलात आणि ह्यांना पाच मिनिटं इथं बसवेना. उद्या त्यातल्या कुणाला कागद लागले तर, परवा लागले तर, एवढंच. मी म्हटलं ती दोन पुडकी खालच्या खोक्यात टाका आता, तर म्हणाले कुठल्या खोक्यात टाकू, मला त्यांचा पाय कुठं ठाऊक आहे. बसस्थानकाकडे गेले असतील. पोरांच्या पायांकडे बघत हिंडतील आणि कुणाच्या तरी लाथा खातील."

भिंगरीनं सायकल वळवली. "गॅरेजवाला हल्ली तिथं नसतोच," ती म्हणाली. "पुलापलीकडे असतो. काकांना काय माहीत? मला सातपर्यंत वेळ आहे. आजोबा, बसा."

"माझी कंबर गेली," मी म्हटलं.

"मग इथं उभं राहून काय करणार?"

बसलो. बसस्थानकावर मापकाकाला गाठून बरोबर घेतलं. गॅरेजवाला त्याच दिवशी पुलापलीकडे मिळाला, गाडीखाली झोपून नट आवळत होता. फक्त पाय बाहेर होते. मापकाका तिथंच रस्त्यावर उकिडवा बसला, त्याची चप्पल ओढून काढली आणि हातानं माप घेतलं. सहा. त्या पोराला आधी वाटलं की कुणीतरी चप्पल चोरतंय. भिंगरी पावणेसातला वसतिगृहावर हजर झाली.

मुक्याचा पत्ता काही लागला नाही. कुणी म्हणतं दुसऱ्या शहरात गेला, कुणी म्हणतं मासेमारीच्या बोटीवर लागला. मापकाका आता दर आठवड्याच्या सुट्टीला बाहेर पडतो आणि मला बरोबर ओढतो. आता तो आधी तोंडाकडे बघतो, मग चप्पल काढायला सांगतो. काल बाजारात त्यानं एका भल्या माणसाला मुका समजून अडवलं, तर तो माणूस बँकेचा अधिकारी निघाला. "वयाकडे तरी बघ," मी म्हटलं. तो म्हणाला, "पोरगा वाढला असेल ना आतापर्यंत," आणि पुढच्या गल्लीत शिरला.